‘दास’ नावाचा घोटाळा

बसा, बसा. मागच्या मंडळींना ऐकू येतंय ना? माईक राहू द्या बाजूला. चाळीस वर्षं वर्गावर ओरडून हा आवाज कमावलाय.

आधी एक तक्रार. आजचा विषय मी फोनवर सांगितला तो असा: ‘अंतिअल्किदास या दुर्मीळ ग्रीक नावाचा उगम आणि अर्थ’. अंतिअल्किदास म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकात तक्षशिलेवर राज्य करणारा ग्रीक राजा. पत्रिकेत छापून काय आलं? ‘संत अंतलदास: जीवन आणि कार्य’. (हशा) हसा तुम्ही! दारातच एका आजींनी मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ‘या महाराजांचे अभंग छापलेत का हो कुठं?’ म्हटलं, ‘आजी, महाराज खरे, पण तक्षशिलेचे. आणि यवन.’ त्या जराही डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, ‘असू दे, विठ्ठलाला काय त्याचं!’ त्या पहिल्या रांगेत बसल्यात. पिशवीत टाळ असतील अशी मला धास्ती आहे.

पण गंमत अशी, की आजी फार चुकल्या नाहीत. विदिशेजवळ बेसनगरचा खांब आहे, तो तुम्हाला ठाऊकच असेल. लोक त्याला ‘खामबाबा’ म्हणून शेंदूर फासायचे. १८७७ साली पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमसाहेब तो पाहून गेले, पण थराखालचा लेख त्यांना दिसला नाही. तो उजेडात आला १९०९ साली. हा वासुदेवाचा गरुडध्वज उभारला कुणी? ‘हेलिओदोरेण भागवतेन’. हेलिओस म्हणजे सूर्य, दोरोन म्हणजे देणगी; थोडक्यात आपला सूर्यदत्त. हा तक्षशिलेचा ग्रीक राजदूत स्वतःला भागवत म्हणवतो, आणि आपण मात्र आडनावं विचारत बसतो... असो, तो विषय वेगळा. याला पाठवणारा राजा कोण, तर ‘महाराजस अंतलिकितस’. तोच आपला अंतिअल्किदास. ‘ल्क’ जिभेला जड गेला म्हणून मध्ये ‘इ’ घुसवली. आपण नाही का कर्माचं करम करत? कोरणाऱ्याचा दोष नाही. पत्रिका छापणाऱ्याचा आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. म्हणजे चहा उकळलाय.

तर भराभर सांगतो. ‘अंति’ म्हणजे समोर, विरुद्ध. ‘अल्के’ म्हणजे बळ, झुंजण्याची ताकद. बळाला बळानं सामोरा जाणारा, असा अर्थ घ्या. शेवटचा ‘इदास’ हा अमक्याचा वंशज सांगणारा प्रत्यय. त्याचा आपल्या दासाशी काडीचा संबंध नाही. अथेन्सकडे हाच प्रत्यय ‘इदेस’ होतो, स्पार्टाकडच्या डोरियन बोलीत ‘इदास’ राहतो, जसा स्पार्टाचा लिओनिदास. इ.स.पू. ३८७ च्या सुमारास इराणच्या बादशहाशी तह जमवणारा अंतल्किदासही स्पार्टाचाच. त्यावरून काही जण म्हणतात, आणि अध्यक्षही मघाशी म्हणाले, की आपल्या राजाचं घराणं स्पार्टाचं.

माझं म्हणणं एवढंच, की नाणं हातात घ्या. एका बाजूला ग्रीक अक्षरांत ‘अंतिअल्किदू’ आहे. ही षष्ठी. राजा निकेफोरोस, म्हणजे विजयधारी, अंतिअल्किदासाचं नाणं. ही षष्ठी त्या काळच्या सर्वसाधारण ग्रीकमध्ये ‘दास’चीही होते आणि ‘देस’चीही. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस जयधरस’, आणि नावाच्या शेवटी ‘दस’. त्यातला ‘द’ तेवढा नावाचा. ‘स’ म्हणजे आपला ‘चा’. विदिशेच्या खांबावरही षष्ठीच. ग्रीक ग्रंथांत तर हा राजा येतच नाही. शिवाय ‘इदास’ असला म्हणून माणूस स्पार्टाचा ठरतो का? सेनापती पेलोपिदास थीब्ज या दुसऱ्याच ग्रीक नगराचा होता, आणि त्यानं स्पार्टालाच झोडपलं.

म्हणजे अध्यक्षांची अख्खी स्पार्टा ज्या एका ‘आ’वर उभी आहे, तो ‘आ’ नाण्यावर नाही. आणि आजी, अभंगही नाहीत. पण तो खांब अजून उभा आहे; गेलात तर बघून या.