स्पाइक गार्ड आणि वरची जाड पिन

(दृश्य : राजारामपुरीवर दाटून आलेले ढग)

एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात वळीव आला, की दुसऱ्या दिवशी टीव्ही आणि राउटर दुरुस्तीच्या दुकानात पोचतात. वीज घरावर पडलेली नसते. जवळपास कडाडते, तेवढ्यानंही तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. त्यापासून उपकरणं वाचवणारा बोर्ड म्हणजे स्पाइक गार्ड.

(दृश्य : उघडलेला स्पाइक गार्ड)

ही नाण्याएवढी, दोन पायांची चकती म्हणजे एमओव्ही (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर). 230 व्होल्टला ती गप्प असते. व्होल्टेज एकदम चढलं, की झटका स्वतःतून वळवते. घरात येणाऱ्या तारा तीन : वीज आणणारी फेज, परतीची न्यूट्रल आणि प्लगच्या वरच्या जाड पिनेला जोडलेली, जमिनीत जाणारी अर्थ. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन जोड्यांमध्ये ती बसवलेली असते. विजेचा झटका बहुतेकदा फेज आणि न्यूट्रलवर एकदमच येतो. अर्थ नसेल तर त्याला उतरायला वाटच नाही. म्हणून आधी अर्थिंग तपासा, स्पाइक गार्ड नंतर घ्या.

(दृश्य : सॉकेटवर मल्टिमीटर)

वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-अर्थ साधारण 230 व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्ट दिसायला हवेत. पण कमकुवत अर्थवरही मीटर 230 दाखवतो, त्यामुळं वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थच्या खड्ड्यातली ओल जाते, आणि नेमका वळवाच्या तोंडावर अर्थ कमजोर पडतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

पेठांतल्या जुन्या घरांत काही ठिकाणी दोनच तारांचं वायरिंग आहे. तिथं सॉकेटमध्ये अर्थ न्यूट्रलला जोडून काम भागवू देऊ नका. न्यूट्रल तुटली, तर फ्रिजच्या पत्र्यातच करंट येतो. हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे. अर्थची तिसरी तार ओढून घ्या.

स्पाइक गार्डवरचं लाल बटण बऱ्याचदा फक्त ओव्हरलोडचं असतं. खोक्यावर जूलचा आकडा (गार्ड झटक्याची किती ऊर्जा पेलतो ते) नसेल, तर तो साधा एक्स्टेन्शन बोर्ड समजा. 6 अँपिअरच्या बोर्डावर 1380 वॉटच्या वर भार नको. गीझर, हीटर, इस्त्री थेट भिंतीच्या 16 अँपिअर सॉकेटवर. एका गार्डमध्ये दुसरा गार्ड लावायचा नाही.

प्रत्येक झटक्यागणिक एमओव्ही झिजते. ‘प्रोटेक्टेड’चा दिवा विझला, तरी काही गार्डमध्ये सॉकेट चालूच राहतात, संरक्षण मात्र संपलेलं असतं. प्लॅस्टिक तपकिरी झालं किंवा जळका वास आला, तर त्याच दिवशी बदला. 2019 किंवा 2021 सारख्या महापुरात भिजलेला गार्ड वाळवून वापरू नका.

खांबावरची न्यूट्रल तुटून घरात 400 व्होल्टपर्यंत दाब आला, तर एमओव्ही तापून जळते. त्यासाठी मेन बोर्डात व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा लागतो.

आणि आभाळ भरून आलं, की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग काढा. डिशची आणि इंटरनेटची वायरसुद्धा. झटका तिथूनही आत येतो.