गाठ जेव्हा प्रतिपिंडं बनवते
(नागपुरातील एका व्याख्यानाचा संपादित अंश)

अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, आपल्याच बाजूनं लढतं, ही समजूत कोविडनंतर सगळ्यांचीच पक्की झाली. ती खोटी नाही. पण आज ज्या प्रतिपिंडांबद्दल बोलायचंय, ती कर्करोगाची गाठ स्वतः बनवते आणि स्वतःच्या वाढीसाठी राबवते.

प्रतिपिंडं बनवायचा मक्ता बी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा. त्यासाठी जनुकांचे तुकडे कापून नव्यानं जोडावे लागतात. हे दाखवणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. स्तनाची किंवा आतड्याची पेशी या भानगडीत पडत नाही, असंच आम्ही शिकलो आणि परीक्षेत तेच लिहून पास झालो. मल्टिपल मायलोमात रक्तात एकाच छापाचं प्रतिपिंड ढिगानं सापडतं, पण तो प्लाझ्मा पेशींचाच कर्करोग, त्यामुळे त्यात नवल नाही.

नवल घडलं २००३ मध्ये. पेकिंग विद्यापीठातल्या छिउ श्याओयान यांच्या गटानं स्तन, फुफ्फुस, यकृत, मोठं आतडं यांच्या कर्कपेशींत आयजीजी हे प्रतिपिंड दाखवलं. ते अडवल्यावर पेशींची वाढ मंदावली, काही पेशी मेल्यासुद्धा.

आता कोणीही जाणकार विचारेल, हे आयजीजी रक्तातून झिरपलेलं कशावरून नाही? निरोगी माणसाच्या लिटरभर रक्तद्रवात ते साधारण ७ ते १६ ग्रॅम असतं. गाठीची पातळ चकती काचेवर घेऊन रंगवली आणि आयजीजी दाखवणारा तपकिरी डाग दिसला, तर तो गाठीचा की रक्ताचा, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून पेशी बशीत वाढवून बघायच्या. तिथंही गंमत अशी, की त्यांच्या खाद्यात बहुधा वासराचं सीरम, म्हणजे गोठल्यानंतर उरलेला रक्तातला द्रव असतो, आणि त्यातही वासराचं आयजीजी आलंच! म्हणून मग पेशीतला संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेली नक्कल, तपासायचा. तो रक्तातून उसना येत नाही. मला यातला हाच पुरावा सगळ्यात वजनदार वाटतो. तरी पाठ्यपुस्तकं अजून जुन्याच मतावर आहेत, आणि त्यांची सावधगिरी मला गैर वाटत नाही.

हे प्रतिपिंड करतं काय? त्यावर सायलिक आम्ल नावाची साखर वेगळ्याच जागी चिकटलेली आढळते. फुफ्फुसाच्या स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींच्या कर्करोगात असं आयजीजी पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन या प्रथिनाला बिलगतं, आतला एफएके हा संदेशमार्ग चालू होतो आणि पेशी वाढू, सरकू लागते. कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या टी-पेशींना ते थंड करतं, असंही काही प्रयोगांत दिसलंय. आपल्या विदर्भात खर्र्यानं होणारा तोंडाचा कर्करोगही बहुतेक स्क्वॅमसच. पण म्हणून फुफ्फुसातला निष्कर्ष उचलून तोंडाला चिकटवू नका.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: ‘मग रक्तातलं आयजीजी मोजलं, तर कर्करोग कळेल का?’ नाही, ताई. बी-पेशींच्या एवढ्या साठ्यात गाठीचा वाटा ओळखूच येणार नाही. मायलोमाची शंका असेल, तर डॉक्टर प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं विजेच्या साहाय्यानं वेगळी करून बघायची तपासणी सांगतात, ती वेगळी. आणि घरात कोणी खर्रा खात असेल, तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर रक्ताचे रिपोर्ट गोळा करत बसू नका. तोंड दाखवा, गरज वाटली तर डॉक्टर तुकडा काढून तपासतील.