घराण्यातला रक्तदाब आणि मनावरचा ताण

मंडळी, कापूस वेचणीच्या धामधुमीतून वेळ काढून आपण आलात, म्हणून थेट विषयावर येतो. उपकेंद्रात बीपी मोजताना एक वाक्य मी रोज ऐकतो : "साहेब, टेन्शननं वाढली असन, टेन्शन गेलं का उतरून जाईन." या वाक्यात अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर विसंबून माणसे गोळी सोडतात, याची मला फार काळजी वाटते.

राग आला, धसका बसला की शरीरात अॅड्रिनलिन हे संप्रेरक वाढते, ठोके जोरात पडतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. मन निवळले की तो उतरतो. हे सर्वांनाच होते. मात्र ज्यांच्या आईवडिलांना वाढत्या रक्तदाबाचा आजार आहे, अशा अनेकांत तो जास्त चढतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तरुणांना चुरशीची कामे दिली गेली. ज्यांना आईवडिलांमुळे धोका होता किंवा ज्यांचा दाब आधीच सीमेवर होता, त्यांच्यापैकी ज्यांचे ठोके ताणाने अधिक वाढले, त्यांच्या मूत्रपिंडांनी मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवले. म्हणजे काळजी डोक्यात असली तरी तिचा हिशेब मूत्रपिंडात होतो, आणि आपल्या ताटातले लोणचे, ठेचा, पापड त्यात भर घालतात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपण सहज ओलांडतो.

घराण्यातून येणाऱ्या रक्तदाबासाठी बहुतेकांत कोणताही एकच जनुक जबाबदार नसतो. शेकडो जनुकीय बदल थोडाथोडा वाटा उचलतात. त्यामुळे तापट माणसालाच बीपी होते आणि शांत माणूस सुटतो, ही समजूत चुकीची आहे.

गेल्या हंगामात चौतीस वर्षांचा एक शेतकरी बँकेतून थेट माझ्याकडे आला. वडिलांना लकवा मारलेला. पहिले मोजमाप १६२/१०० आले. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटे बसवले, १४८/९४ झाले. जे चौदा उतरले, ते बँकेतल्या बोलाचालीचे होते. पुढे सोयाबीन विकले, हप्ता भरला, घरातले वातावरण निवळले, आणि तरीही तीन वेगवेगळ्या दिवशी आकडा १४६ च्या खाली गेला नाही. तेव्हा मी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम ही रक्तदाबाची गोळी सुरू केली. "काही त्रास तर नाही, मग कायले?" असे त्याने विचारले. वडिलांनाही लकव्याच्या आदल्या दिवसापर्यंत काही त्रास नव्हता, याची मी त्याला आठवण दिली, आणि तो बराच वेळ गप्प बसला.

गेल्या आठवड्यात तो धाकट्या बहिणीला घेऊन आला. तिचा दाब १२४/८० होता. गोळीची गरज नव्हती. दर सहा महिन्यांनी मोजायला यायचे, एवढेच तिला सांगितले, आणि कार्डावर पुढची तारीख लिहून दिली.