कुंडलिकेचं सकाळचं पाणी

नमस्कार मंडळी. सुट्ट्या जवळ आल्या की कोलाडला कुंडलिका नदीत होणाऱ्या राफ्टिंगबद्दल विचारणारे फोन सुरू होतात. पोहता येत नसलं तर राफ्टमध्ये घेतात का, मुलांचं काय, राहायची सोय कशी. या प्रश्नांची उत्तरं तिथली राफ्टिंगवाली मंडळी माझ्यापेक्षा नीट देतील. मला आज तुमच्याशी त्या पाण्याबद्दल बोलायचंय.

एप्रिलमधली सकाळ डोळ्यांसमोर आणा. साजे गावाजवळचा काठ. नदीत पांढरे गोटे उघडे पडलेत, मधेमधे डबकी. गाइड प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघतोय. तेवढ्यात एका डबक्याच्या कडेचा ओला पट्टा दिसेनासा होतो. मग दोन डबकी एकमेकांना मिळतात. गोट्यांमधून खळखळ ऐकू यायला लागते आणि बघता बघता नदी वाहती होते. आकाशात ढग नाही, पाऊस दोन महिने लांब. कोकणातल्या बहुतेक नद्या या दिवसांत दगडांवर आलेल्या असतात. मग हे पाणी आलं कुठून?

हे पाणी घाटावरचं आहे. मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यांतून आणि पोलादी नळांतून सुमारे 500 मीटर खाली कोकणातल्या भिरा गावाशी उतरतं, 1927 साली सुरू झालेल्या वीजघरातली चक्रं फिरवतं आणि सहसा सकाळी कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणून राफ्टिंग सकाळी होतं. पाणी किती आणि केव्हा येणार हे विजेच्या गरजेवर ठरतं. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्याशी ते अडवतात, कालव्यांनी शेतांना देतात. भर उन्हाळ्यात कोलाडच्या आसपास हिरवंगार भात उभं दिसतं, ते याच पाण्यावर. एरवी मुळेचं पाणी पुण्यावरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. ते इथे कड्यावरून फिरवून अरबी समुद्राकडे वळवलंय.

आणि ते सुखासुखी वळलेलं नाही. 1921 सालच्या रामनवमीला मुळशी पेट्यातले मावळे, म्हणजे तिथले शेतकरी, आपल्या जमिनींसाठी धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायका होत्या, पोरं होती. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यात उभे राहिले आणि याच लढ्यातून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. तुरुंगवास झाले, लढा तीन वर्षं चालला, तरी धरण झालंच. गावं, देवळं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. मी राफ्टमध्ये बसतो तेव्हा मला त्या खाचरांची आठवण येते. आनंद कमी होत नाही, पण पाण्याला हात लावताना मन भरून येतं. तुमच्या मुलांना हे काठावरच सांगा, राफ्टमध्ये शिरायच्या आधी. नंतर कुणी ऐकत नाही.

आता चालणाऱ्यांसाठी. ही दरी खरी बघायची तर वरून उतरावी. ताम्हिणीच्या बाजूला पिंपरीहून निघायचं, अंधारबनातून हिर्डीला आणि तिथून खाली भिऱ्याला. साधारण 13 किलोमीटर. अंधारबन हे नाव उगाच पडलेलं नाही. दुपारी बारालाही आत सावली दाट. शेकरूचा आवाज येतो, दिसायला मात्र मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. झाडी संपली की एकदम कडा, आणि खाली कुंडलिकेची दरी.

एका जुलैत आमचा तेरा जणांचा गट या वाटेवरच्या ओढ्याशी अडकला. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तासाभरात मांडीपर्यंत आलं. दोघं म्हणत होते, साखळी करून जाऊ. मी नाही म्हटलं. दोन तास भिजत थांबलो, पाणी उतरेना, तेव्हा आल्या वाटेनं परत फिरलो. त्या दोघांचा राग मला अजून आठवतो आणि निर्णय बरोबर होता याची खात्रीही. भिऱ्याजवळच्या देवकुंडच्या धबधब्याला पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं ती याच कारणानं. तिथे पोहोचताना ओलांडलेले ओहोळ परतताना तसेच राहत नाहीत. बंदी असेल तर जाऊ नका. चोरवाट दाखवणारा भेटतो. त्यालाही नाही म्हणा.

पुढे रोह्याला घाईत असाल तर ग्रामदैवत धावीर महाराजांचं दर्शन घ्या, वेळ असेल तर जवळचा अवचितगड चढा. पण शेवट कोर्लईला करा, ही माझी मनापासूनची विनंती. कुंडलिका तिथे खाडी होऊन समुद्राला मिळते. एका काठाला रेवदंडा, दुसऱ्या काठाला डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला, 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली मात्र खालच्या गावात राहिली. तिथले ख्रिस्ती लोक घरात आजही ती बोलतात. बाजारात गेलात तर कान देऊन ऐका, मराठी कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते ते.

संध्याकाळी किल्ल्याच्या उत्तरेकडच्या टोकावर बसा. ओहोटी असेल तर खाडीचं गढूळ पाणी समुद्रात शिरताना वेगळं दिसतं. त्यातलं काही मुळशीहून निघालेल्या पाण्याचं असेल.