वटपद्रकातली वाघळं

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'वटवाघळं कानांनी कशी बघतात'. तिकडे येतोच. आधी मला सांगा, कमाटीबागेतल्या संग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा कोणी कोणी पाहिलाय? हात वर करा. वा, सगळेच! बडोद्याचं पोर आणि देवमासा पाहिला नाही, असं होतच नाही. पुढच्या खेपेला मुलांना त्याचा वल्ह्यासारखा हात दाखवा. दंडाचं हाड, कोपरापुढची दोन, मनगट, बोटं. तीच हाडं आपल्या हातात आणि तीच वटवाघळाच्या पंखात. फक्त बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली, त्यांवर पातळ कातडी ताणलेली आणि अंगठा मोकळा, नखी असलेला. गणाचं नावच कायरॉप्टेरा, म्हणजे हात हाच पंख. पक्षी नव्हे हो, पिल्लाला दूध पाजणारी आई आहे ती.

आता आपल्या गावाचं नाव बघा. इसवी सन 812 च्या ताम्रपटात या गावाचं नाव वटपद्रक आहे. वडांचं गाव. हे वड कोणी लावले? खड्डा खणून, पाणी घालून लावलेले थोडे. बाकीचे भिंतीच्या फटीत, ताडाच्या बेचक्यात, देवळाच्या कळसाशी उगवलेले. वडाचं फळ खायचं, उडत जायचं आणि विष्ठेतून बी टाकायची, हे काम दिवसा पाखरं करतात आणि रात्री वाघळं. छोटा उदेपूरच्या बाजूला मोहाच्या झाडाखाली मार्चमध्ये रात्र काढून बघा. मोहाच्या गोड, गरदार पाकळ्या खायला वाघळं येतात, परागण करून जातात. पहाटे तिथल्या राठवा आदिवासींच्या बायका तीच फुलं वेचतात. एकाच झाडावर दोन पाळ्या!

आमच्या घरामागे एक जुना वड आहे. त्यावर मोठी वाघळं असायची. गुजराती शेजारी त्यांना 'वागोळ' म्हणतात. पंख पसरले तर चार फूट भरतील अशी. लहानपणी मी गच्चीवरून ती मोजायचो आणि आजी खालून ओरडायची, "मोजू नकोस रे, दृष्ट लागेल त्यांना!" बघा, आजीला वाघळाची भीती नव्हती, वाघळांची काळजी होती. 2020 च्या वैशाखात शेजारच्या एका सोसायटीतल्या लोकांनी भर दुपारी त्या वडाखाली फटाक्यांची माळ लावली. का, तर करोना. वैशाखात माद्यांच्या पोटाशी पिल्लं असतात. वर्षाला एकच पिल्लू, तेही पाचेक महिने पोटात वाढवलेलं. उन्हानं ती आधीच हैराण होती, पंखांनी वारा घेत, अंग चाटून ओलं करत लटकलेली. माळ वाजली आणि अख्खा वड उडाला. त्या उन्हात! संध्याकाळी मी आणि धाकट्या भावानं झाडाखालून नऊ पिल्लं फावड्यानं टोपलीत घेतली. एक सकाळपर्यंत जिवंत होतं. त्याचे डोळे उघडे होते.

मला हे अजून शांतपणे सांगता येत नाही, क्षमा करा. करोनाच्या विषाणूचे जवळचे नातलग सापडले ते नाकावर नालासारखी कातडी असलेल्या छोट्या वटवाघळांत. आपलं वाघूळ त्या कुळातलंही नाही. निपाह या विषाणूची भीती मात्र खरी आहे, म्हणून कुरतडलेलं फळ खायचं नाही, वाघळाला हात लावायचा नाही. एवढं पाळलं की फटाके कशाला? पण लोकांना तरी काय बोलावं! 1972 च्या वन्यजीव कायद्यानंच फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात बसवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ते परिशिष्ट गेलं, तेव्हा मी घरी श्रीखंड आणलं होतं.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं उरलीत. तर, कानांनी बघणं. 1793 मध्ये इटलीत स्पालान्झानी या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की मेणबत्ती विझली की त्याचं पाळीव घुबड भिंतीवर आदळतं, वटवाघूळ मात्र खुशाल फिरतं. त्यानं वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरी ती उडाली. जिनिव्हाच्या झुरीन या शल्यवैद्यानं कान बंद केले, तेव्हा आपटली. उत्तर हाती होतं, पण लोकांना पटेना, कारण आवाज ऐकूच येत नव्हता. आपला कान फार तर सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंत ऐकतो, त्यांच्या बऱ्याचशा हाका त्याच्या वर. 1938 मध्ये हार्वर्डला ग्रिफिन या विद्यार्थ्यानं भौतिकशास्त्रज्ञ पिअर्स यांच्या, असे ऐकू न येणारे आवाज पकडणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळं नेली आणि त्या हाका पहिल्यांदा सापडल्या. किडा जवळ आला की हाका वाढत वाढत सेकंदाला दोनशेच्या घरात जातात. स्वतःच्याच ओरडण्यानं बहिरं होऊ नये, म्हणून हाक मारताना कानातला बारीक स्नायू आवळला जातो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत सैल होतो. हे सगळं तुमच्या दिव्याभोवती किडे टिपणाऱ्या छोट्या वटवाघळांचं. वडावरचं मोठं वाघूळ असं काही करत नाही. ते डोळ्यांनी आणि नाकानं चालतं. त्याला आंधळं म्हणू नका.

प्रश्न उद्या घेऊ. मी संध्याकाळी साडेसातला विश्वामित्री नदीच्या पुलावर असेन, कमाटीबागेच्या बाजूला. आमच्या वडावर या वर्षी अकरा परत आली आहेत. त्या वेळी ती पुलावरून जातात. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीनं बघू.