लाइनच्या मागं व्हा ओ! फुटबॉल मॅचला डोक्यात जाणारी पब्लिक

नमस्कार मंडळी. मागच्या ऑफसाइडच्या व्हिडिओखाली ऑफसाइड सोडून बाकी सगळ्यावर कमेंटा आल्यात आणि निम्म्या लोकांचं एकच, "दादा, मॅच बघायला येणाऱ्या पब्लिकवर एक व्हिडिओ करा की". करतो. पाऊस पण उघडलाय, सांगली-मिरजेकडं मैदानावर फक्की, म्हणजे रेघा मारायची पांढरी पावडर, पडायला लागलीय, म्हणजे वेळ बरोबर आहे.

साध्या गोष्टी पटकन उरकतो. पुढच्याच्या डोळ्यासमोर झेंडा धरू नका, भडंग खाऊन कागद तिथंच टाकू नका, पूर्ण मॅच मोबाइलवर शूट करू नका, ती परत कोण बघत नाही, तुम्ही पण नाही. कागदावरून आठवलं, जपानची पब्लिक २०२२ च्या कतार वर्ल्डकपला पहिल्याच मॅचनंतर स्टँडमधला कचरा गोळा करत होती, आणि ती मॅच कतार आणि इक्वेडोरची होती, जपानची नव्हतीच! आपण निदान आपला आपला कागद उचलूया की.

आता मेन मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर मी कॅमेरा लावलाय. टचलाइन. मैदानाच्या कडेची ती पांढरी रेघ. तिच्यावर उभं राहू नका. तिच्यावर खुर्ची टाकू नका. तिच्यावर गाडी लावून टाकीवर पोराला बसवू नका. हसू नका, मी बघितलंय.

एका स्पर्धेत, गावाचं नाव घेत नाही कारण परत बोलवायचे बंद होतील, लाइनमन आलाच नाही म्हणून माझ्या हातात फ्लॅग दिला. लाइनमन म्हणजे कडेनं फ्लॅग घेऊन पळणारा रेफ्रीचा मदतनीस. ऑफसाइड पकडणं हे त्याचं मोठं काम: पास सुटताना अटॅकवाला समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्या आणि शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पण पुढं असला आणि पास त्यालाच गेला तर ऑफसाइड. म्हणून लाइनमननं त्या शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या अगदी समांतर राहायचं. शेवटून दुसरा, कारण शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो. तो डिफेंडर पळाला की आपण पळायचं, थांबला की थांबायचं, आणि नजर मैदानावरच ठेवायची म्हणून बऱ्याचदा आडवं आडवं पळायचं, खेकड्यासारखं. आणि माझ्या वाटेत काय होतं, तर दोन स्प्लेंडर, एक प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर एक काका, पाय लांब करून, टाचा बरोबर फक्कीवर. बॉल मधून थ्रू पडला त्या क्षणाला मी त्या काकांना वळसा घालत होतो. मला पास दिसलाच नाही, आणि दिसलं नाही तर फ्लॅग वर करायचा नसतो, हा साधा नियम आहे, म्हणून खाली ठेवला. गोल झाला. आणि पहिली हाक कोणाची आली असेल? "आरं आंधळा हाईस काय!" काका! खुर्चीवरनंच! पाय अजून फक्कीवरच!

हे मला अजून पचलेलं नाही, म्हणून जरा ऑफसाइड परत सांगतो, मागच्या वेळी सांगून पण लोक तेच विचारतायत. ऑफसाइड बघायचा तो पास सुटताना. बॉल पायात आल्यावर नाही. स्ट्रायकर पुढं पळतोय, त्याच वेळी डिफेंडर त्याला ऑफसाइडमध्ये पाडायला वर येतोय, दोघं सेकंदाला पाच-पाच मीटरनं उलट्या दिशेला निघालेत असं धरा, तर अर्ध्या सेकंदात दोघांत पाच मीटर अंतर पडतं. म्हणजे पास सुटला तेव्हा बरोबरीत होता आणि बॉल मिळाला तेव्हा एकटाच दिसतोय, आणि तुम्ही बघता तेव्हाच, कारण तोपर्यंत तुमची नजर बॉलच्या मागं पळत असते. ओरडायला सोपं आहे. पण त्या अर्ध्या सेकंदासाठी तो माणूस दीड तास आडवा पळत असतो आणि त्याच्या वाटेत तुम्ही खुर्ची टाकता. आणि हो, थ्रो (बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकतात तो), गोलकिक आणि कॉर्नरवर डायरेक्ट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतोच. थ्रोवर ऑफसाइड मागणारी माणसं प्रत्येक मैदानावर असतात, त्यांच्याशी वाद घालायचा मी सोडून दिलाय.

बरं लाइनमन सोडा, तो काय तुमचा लाडका नाही. तुमच्याच गल्लीतला पोरगा थ्रो टाकायला येतो तेव्हा बघा. नियमात असं आहे की समोरच्या टीमचा खेळाडू सुद्धा थ्रोच्या जागेपासून निदान दोन मीटर लांब पाहिजे. विरोधी टीम दोन मीटर लांब, आणि आपली पब्लिक त्याच्या मानेवर श्वास सोडतीय! दोन पावलं मागं घेऊन पळत येऊन टाकायचं म्हटलं तर मागं कोणाच्यातरी गाडीचा आरसा. कॉर्नरला तर विचारूच नका, कोपऱ्यात गर्दी जास्त कारण तिथनं गोल जवळ दिसतो. मग कॉर्नर जागेवरनंच मारतो, बॉल पहिल्याच डिफेंडरच्या गुडघ्यावर, आणि मागनं आवाज, "ह्याला कशाला घेतलाय टीममध्ये".

तरी पटलं नसंल तर ती रेघच बघा. बॉल आऊट कधी, तर पूर्णच्या पूर्ण बॉल पूर्णच्या पूर्ण रेघेच्या पलीकडं गेला तर. वर्तुळाचा थोडा भाग जरी वरनं रेघेवर असला तरी बॉल आत. १ डिसेंबर २०२२, त्याच कतार वर्ल्डकपमधली जपान-स्पेन मॅच. जपानच्या मितोमानं गोललाइनवरनं, म्हणजे गोलपोस्टकडच्या रेघेवरनं, बॉल मागं ओढला, तनाकानं आत ढकलला, आणि व्हीएआरवाल्यांनी, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रींनी, तपासून गोल दिला, दोन मिलिमीटरपेक्षा कमी भाग रेघेवर होता. जपान २-१ जिंकलं, आणि त्याच गटातली जर्मनी कोस्टा रिकाला ४-२ हरवून पण घरी गेली. दोन मिलिमीटर! आणि आपल्याकडं हाफ टाइमपर्यंत पब्लिकच्या चपलांनी रेघच पुसून गेलेली असते. मग आत का बाहेर हे कोण ठरवणार, ज्याचा आवाज मोठा तो. वर बॉल अजून आत असताना तुमच्या पायाला लागून अडला तर रेफ्रीला खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो, म्हणजे बॉल हातानं खाली सोडून खेळ परत सुरू करायचा. तुमच्या टीमचा अटॅक तुम्हीच मोडला.

एकानं लिहिलंय, "दादा एवढा त्रास होतो तर घरी टीव्हीवर बघा". भावा, माझ्या गावची मॅच टीव्हीवर लागत असती तर बघितली असती की.

दुसऱ्या एकाचा मुद्दा मात्र खरा आहे, जागाच नसते म्हणतो. मला वाटतं ही सवय कुस्तीच्या फडातनं आलीय. तिथं पब्लिक रिंगण करून चिकटून बसते, पैलवान मधी, आणि त्यातच मजा असते. फुटबॉलमध्ये खेळ रेघेपर्यंत येतो ओ. स्पर्धा घेणाऱ्यांनी टचलाइनच्या मागं दोन-तीन मीटरवर दुसरी फक्की मारावी, जमलं तर दोरी बांधावी, आणि गाड्या मैदानाच्या बाहेरच लावायला सांगाव्या. खर्च काय, दोरीचा. कोल्हापूरवाले कमेंटमध्ये "आमच्याकडं या" म्हणतायत, अहो येतोच की, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमांच्या मॅचला तो आवाज ऐकायलाच येतो. आणि तिथं बसायला गॅलरी आहे, आमच्याकडं गावात मैदानाच्या कडेला बाभळी असतात.

शिट्टी. स्टँडमधनं रेफ्रीसारखी शिट्टी वाजवणारा एक तरी असतोच. डिफेंडरला वाटतं खेळ थांबला, तो बॉल हातात उचलतो. त्यावर सुद्धा नियम आहे, त्या शिट्टीमुळं खेळात गडबड झाली तर रेफ्री थांबवतो आणि ड्रॉप बॉल. पिपाणी आणा, ढोल आणा, घसा बसंस्तोवर ओरडा, शिट्टी तेवढी घरी ठेवा.

गाडी आधी निघावी म्हणून पाच मिनिटं राहिली की उठणाऱ्यांना एकच गोष्ट सांगतो. १९९९ ची युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग फायनल, बार्सिलोनाला, मँचेस्टर युनायटेड आणि जर्मनीचं बायर्न म्युनिक. नव्वद मिनिटं झाली तरी बायर्न १-० नं पुढं. युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, तेव्हाचे अध्यक्ष योहान्सन बक्षीस द्यायला म्हणून लिफ्टनं खाली निघाले. खाली येऊन बघतात तर मँचेस्टर युनायटेडनं एक्स्ट्रा मिळालेल्या वेळात दोन गोल मारून मॅच फिरवलेली. अध्यक्षांचं हे झालं, तुम्ही तर पार्किंगला चाललाय.

आता शिव्या. इथं एकानं मला बरोबर पकडलंय असं त्याला वाटतंय, लिहितो, "छेत्रीच म्हणाला होता, शिव्या द्या पण या". भारताचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्री म्हणाला होता, खरं आहे. जून २०१८, मुंबईत अंधेरीला भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं आणि बघायला अडीच हजाराच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ टाकून हात जोडले, आणि ४ तारखेला केनियाविरुद्ध भर पावसात स्टेडियम फुल्ल. त्याची शंभरावी मॅच, दोन गोल त्याचेच. पण तो रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळून वैतागलेला कॅप्टन होता ओ. आपल्या मैदानावर ज्याला तुम्ही आईवरनं शिवी देता तो अकरावीतला पोरगा असतो आणि त्याची आई कधीकधी तिथंच बांधावर उभी असते. माझी बहीण एकदा माझ्याबरोबर आली, हाफ टाइमला म्हणाली चल घरी, परत कधी आली नाही. पोरी मॅचला का येत नाहीत असं विचारणाऱ्या कमेंटला दुसरं उत्तर माझ्याकडं नाही. चुकला तर "आरं काय मारतोय" म्हणा, मी पण म्हणतो, त्यात सगळं येतं.

हँडबॉलचं भरपूर जणांनी विचारलंय, ते पुढच्या व्हिडिओत घेतो, त्याला पाणी पिऊन बसावं लागणार. तोपर्यंत तुमच्या मैदानावर गाडी लाइनवर लावलेली दिसली तर फोटो पाठवा, नंबर प्लेट झाकून.