साठ दिवसांचा कान

[दृश्य: रात्रीची दक्षिण मुंबई, समुद्राच्या बाजूने. फक्त लाटांचा आवाज.]

२६ नोव्हेंबर २००८. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेले दहशतवादी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी सतत फोनवर होते. पुढे काय करायचं, ओलिसांचं काय करायचं, सगळे हुकूम पलीकडून येत होते. महाराष्ट्र एटीएसनं ते नंबर हेरले, बोलणं ऐकलं, ध्वनिमुद्रित केलं. २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं या संभाषणांचे उतारेच्या उतारे निकालपत्रात घेतले.

सरकारला असा कान असावा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तो कोणाच्या सहीनं लागतो, किती दिवस लागून राहतो आणि काढल्यावर कोणाला कळतं, ते मात्र कागदावर बोट ठेवून पाहायला हवं.

[दृश्य: मंत्रालयातला कॉरिडॉर, बंद लिफाफा, आवक-जावक नोंदवही.]

मूळ कायदा १८८५ चा, तार कायदा. त्याचं कलम ५(२) दोनच प्रसंगी दुसऱ्याचा संदेश अडवू देत होतं: सार्वजनिक आणीबाणी असेल तर, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी. ते कसं करायचं याचे नियम मात्र शंभरावर वर्षं कोणी केलेच नाहीत. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेच्या फोन टॅपिंगविरोधी याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच चौकट आखून दिली, आणि ती नियमांत उतरायला २००७ साल उजाडलं. नियम ४१९-अ तो हाच. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि ६ डिसेंबर २०२४ चे नवे नियम आले आहेत, पण सांगाडा जवळपास तोच आहे.

आदेश काढतो केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव. माहिती दुसऱ्या कुठल्याही रास्त मार्गानं मिळत नाही ना, हे त्यानं आधी तपासायचं असतं. आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी एकूण १८० दिवस. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी ऐकायला सुरुवात करू शकतो, मात्र ३ कामाच्या दिवसांत त्यानं वर कळवायचं आणि ७ कामाच्या दिवसांत मंजुरी आली नाही तर ऐकणं थांबवायचं. प्रत्येक आदेशाची प्रत ७ कामाच्या दिवसांत आढावा समितीकडे जाते. राज्यात समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एका खात्याचे सचिव.

२००७ च्या नियमांत मोबाइल कंपनीकडे जाणाऱ्या पत्राचीही शिस्त घालून दिली होती. पत्र घेऊन जाणारा फौजदाराच्या खालच्या दर्जाचा नसावा. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यानं दोन तासांत पोच द्यावी. आणि दर १५ दिवसांनी आलेल्या सगळ्या आदेशांची यादी पोलिसांकडे परत पाठवून विचारावं, की ही पत्रं तुमचीच ना?

ही उलटतपासणी किती गरजेची आहे, ते २००५ मधल्या एका प्रकरणावरून कळतं. खासदार अमर सिंह यांचा फोन दिल्लीत टॅप झाला तो बनावट पत्रावर. पत्र दिल्ली पोलिसांच्या नावाचं आणि शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेलं. तरी कंपनीनं लाइन जोडून दिली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, इतक्या ढोबळ चुका दिसल्यावर कंपनीनं खातरजमा करायलाच हवी होती. आता २००९ मध्ये जाहीर झालेल्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीमची रचना आठवा. त्यात नंबर थेट सरकारी यंत्रणेतून लावता येतो, कंपनीतल्या माणसाचा हात लागत नाही. त्यामुळे बातमी फुटण्याचा धोका कमी होतो, हे खरं. पण पत्र वाचून ‘यात काहीतरी गडबड आहे’ म्हणू शकणारा साखळीतला एकमेव बाहेरचा माणूसही त्याबरोबर गेला.

[दृश्य: टेबलावर फायलींचा ढीग. घड्याळाचा सेकंदकाटा.]

आता आढावा समितीकडे वळू. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात लिहिलं, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. गणित करून पाहा. बैठक सलग आठ तास चालली, चहालाही कोणी उठलं नाही, तर हाताशी २८,८०० सेकंद. म्हणजे एका आदेशाला दोन सेकंदही नाहीत. एवढ्यात फायलीवरचं नावसुद्धा नीट वाचून होत नाही. हा नंबर का, दुसरा मार्ग नव्हता का, हे विचारायचं कधी? शिवाय आदेश काढणारे सचिव आणि तपासणारेही सचिव. ब्रिटननं २०१६ च्या कायद्यानं मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची मंजुरी सक्तीची केली. आपल्याकडे १९९६ च्या याचिकेत ही मागणी झाली होती, पण कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून न्यायालयानं ती मान्य केली नाही. संसदेनं ती तरतूद आजवर केलेली नाही, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे.

फाइल न्यायाधीशासमोर आली की काय होतं, ते मुंबईत दिसलं. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपावरून सीबीआयनं एका व्यावसायिकाचा फोन २००९-१० मध्ये तीन आदेशांवर ऐकला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तिन्ही आदेश रद्द केले. लाचखोरी गुन्हा आहेच, पण यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आणि सुरक्षितता कुठे? ध्वनिमुद्रणं नष्ट करा, असा हुकूम झाला. आधार होता पुट्टस्वामी निकालाचा: २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमतानं खासगीपण हा मूलभूत हक्क. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये अशाच प्रकरणात तोच मार्ग धरला. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच्या थोडंच आधी मोठ्या आर्थिक गुन्ह्यालाही सार्वजनिक सुरक्षिततेत बसवलं होतं. त्याच्या जोडीला १९७२ चा मलकानी निकाल आहेच. तोही मुंबईचाच, कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचखोरीचा: पुरावा बेकायदा मिळवलेला असला तरी संबद्ध असेल तर चालतो. हा निकाल उभा आहे तोवर नियम मोडणाऱ्याला फारसं काही गमवावं लागत नाही.

[दृश्य: मोबाइल टॉवर, खाली रस्त्यावरची गर्दी.]

आणि बोलणं ऐकायचीच गरज असते असंही नाही. सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, कोण, कोणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरखालून ते सांगते. डॉक्टर, वकील, रात्री अकराचा फोन... माणसाचं आयुष्य यातून उलगडतं. कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात. त्या मागवायला गृहसचिव लागत नाही, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचं पत्र पुरतं. सोप्या दाराला गिऱ्हाइकं लवकर मिळतात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच खासगी गुप्तहेरांकडून होणारी सीडीआरची विक्री उघडकीस आणली.

महाराष्ट्राच्याच कायद्यात एक चांगलं उदाहरणही आहे. १९९९ च्या मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, ऐकलेलं बोलणं खटल्यात वापरायचं, तर मंजुरीचा आदेश आणि त्यासाठी केलेला अर्ज, दोन्हीच्या प्रती आरोपीला खटल्याच्या किमान १० दिवस आधी द्याव्या लागतात. अर्ज एक दिवस आरोपीच्या वकिलासमोर येणार, हे माहीत असलं की लिहिणारा प्रत्येक वाक्य तोलून लिहितो.

पण ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याचं काय? अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासात फोन ऐकला, तर न्यायाधीशानं मुदत वाढवली नसेल तेव्हा ९० दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. आपल्याकडे असा नियम नाही. ऐकणं थांबल्यावर कंपनी दोन महिन्यांत कागद नष्ट करते. तपास यंत्रणा दर सहा महिन्यांनी नको असलेली ध्वनिमुद्रणं आणि आदेश फाडते. हा नियम खासगीपण जपण्यासाठीच केला आहे आणि तो हवाही. पण चुकून एखादा आकडा बदलून भलत्याच घरचा फोन ऐकला गेला असेल, तर त्या चुकीचा एकमेव पुरावाही त्याच दिवशी फाटतो, आणि त्या घरात फोन नेहमीसारखा वाजत राहतो.

[दृश्य: घरातला टेबल, चार्जिंगला लावलेला फोन. स्क्रीन उजळते. काळा पडदा.]